एक्सएच कनेक्टरच्या पिना: क्रिंप केल्यावर वायर सुटते, काही पिना हौसिंगमध्ये बसत नाहीत

सर्किटवेडा:
३एस (तीन सेल एकापुढे एक जोडलेल्या) लिथियम पॅकच्या बॅलन्स लीडसाठी (चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो त्या वायरी) ४ पिनांचे जेएसटी एक्सएच कनेक्टर बनवतो आहे. वायर ७/३६ची (३६ गेजच्या सात तारा), पिना पट्टीतून तोडलेल्या, क्रिंपचं (पिन वायरवर दाबून बसवायचं) टूल एसएन-२८बी, रॅचेटवालं (पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारं). तक्रारी दोन. एक, जरा ओढलं की वायर पिनेतून निसटते, आणि बाहेर आलेल्या तारांवर दाबल्याची खूणही नसते. दुसरी, काही पिना हौसिंगमध्ये (कनेक्टरच्या प्लास्टिकच्या खोळीत) अर्ध्यावर अडकतात. दाब कमी-जास्त करायचं रॅचेटचं चाक घट्ट करून पाहिलं, तर पिन चपटी होते आणि वायर तरीही सुटते. टूल बदलायचं की माझी पद्धत चुकते आहे?

हार्नेसकर:
तारांवर खूण नाही म्हणजे तारेचे पंख तारेवर दाबलेच गेलेले नाहीत. जोर वाढवून हे सुटणार नाही, चाक आधी होतं तिथे परत न्या.

पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची, पेटीजवळची (पेटी म्हणजे समोरची पिन ज्यात शिरते तो पोकळ भाग), उघड्या तांब्यासाठी. मागची, थोडी उंच, इन्सुलेशन धरण्यासाठी. टूलचा जबडा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहा: एका बाजूने खाच लहान दिसेल, दुसऱ्या बाजूने मोठी. लहान बाजू तांब्याची, मोठी इन्सुलेशनची. पिन उलटी घातली तर मागचे पंख चिरडतात आणि पुढचे तारेभोवती सैल राहतात. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

पंखांची तोंडं जबड्याच्या इंग्रजी एम अक्षरासारख्या खाचेकडे हवीत, पिनेचा तळ समोरच्या गोल खाचेत. पेटी जबड्याच्या पूर्ण बाहेर राहिली पाहिजे. तिची कड जरी आत गेली तरी ती चेपते, आणि चेपलेली पेटी हौसिंगमध्ये शिरत नाही. आधी नुसती पिन ठेवून रॅचेटचे एक-दोन टक् होईपर्यंत दाबा. पिन धरली गेली पाहिजे, पंख मिटता कामा नयेत. मग वायर घाला, इन्सुलेशनची कड दोन जोड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणा, आणि रॅचेट आपोआप सुटेपर्यंत दाबा. अर्ध्यावर सोडू नका.

चांगला क्रिंप भिंगाखाली असा दिसतो: पुढचे दोन्ही पंख मध्यावर एकमेकांना टेकून आत वळलेले, त्यांच्या पुढे तारांची टोकं जेमतेम डोकावताहेत, आणि मधल्या फटीत तांबं आणि इन्सुलेशन दोन्ही दिसताहेत. फटीत नुसतं तांबं दिसलं तर वायर जास्त सोललीत. नुसतं इन्सुलेशन दिसलं तर ते पुढच्या पंखांखाली घुसलं आहे, आणि तसा क्रिंप वरून कितीही सुबक दिसला तरी टाकूनच द्या.

तांब्याचीतार:
वर सांगितलंय ते बरोबर. वायरबद्दल माझी भर.

७/३६ म्हणजे सुमारे ०.२ चौ. मिमी, २४ एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज; आकडा लहान तशी वायर जाड). १४/३८ घेतली तर सुमारे ०.२५ चौ. मिमी. एक्सएचची नेहमीची पिन २८ ते २२ एडब्ल्यूजीची, इन्सुलेशनची बाहेरची जाडी ०.९ ते १.९ मिमी, तेव्हा दोन्ही चालतात. घरगुती वायरिंगची ०.५ चौ. मिमी वायर मात्र चालत नाही. तिच्यावर पंख मिटतच नाहीत.

सोलायचं २ ते २.५ मिमी, त्याहून जास्त नको. ब्लेडने सोलताना सातपैकी दोन तारा तुटल्या तर वायरची ताकद तिथेच गेली. गेजच्या खाचा असलेला स्ट्रिपर घ्या. तारा फार पिळू नका, आणि क्रिंपआधी टोकाला सोल्डर तर अजिबात नको. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकत राहतं आणि काही महिन्यांत पकड ढिली पडते.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याची म्हणून विकली जाते. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती या कामाला घेऊ नका, कारण ॲल्युमिनियमवरच्या ऑक्साइडमुळे जोडाचा रोध वाढत जातो.

सर्किटवेडा:
पिन खरंच उलटी जात होती. आता सातही तारांवर दाब दिसतो. पण मल्टिमीटर सगळ्या क्रिंपना ०.३ ओहम दाखवतो, चांगल्याला आणि वाईटालाही. खात्रीसाठी क्रिंपवर थेंबभर सोल्डर सोडू का?

हार्नेसकर:
नको. सोल्डर वायरमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि वायर हलली की त्याच्या कडेलाच तुटते. शिवाय इतक्या छोट्या पिनेत ते पेटीत उतरायला वेळ लागत नाही.

ते ०.३ ओहम बहुतेक मीटरच्या स्वतःच्या लीडचे आहेत. एक्सएचच्या संपर्काचा रोध नवा असताना १० मिलिओहमच्या आत अपेक्षित असतो, तो साध्या मीटरवर दिसणार नाही. बेंच सप्लायवर करंट लिमिट १ अँपियर लावा, वायरमधून पिनेपर्यंत करंट सोडा, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून क्रिंपच्या लगेच अलीकडे-पलीकडे टोचा. १ अँपियरला जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिओहम. वायरचा तुकडा मध्ये येऊ देऊ नका, ७/३६चा एक सेंटिमीटरही ०.८ मिलिओहम भर घालतो.

ओढून पाहायचं तर नमुन्याच्या पिनेचे फक्त पुढचे पंख दाबा, नाहीतर इन्सुलेशनची पकड ताकद दाखवेल. यूएल ४८६ए या अमेरिकन मानकाप्रमाणे २४ एडब्ल्यूजीने २२ न्यूटन, म्हणजे जवळपास सव्वादोन किलो सहन केलं पाहिजे; २२ एडब्ल्यूजीला ३६ न्यूटन. सामानाचा स्प्रिंगकाटा पुरतो. झटका न देता सावकाश ओढा. वायर सरकून बाहेर आली तर क्रिंप ढिला; पंखांच्या कडेलाच तुटली, तीही कमी वजनाला, तर दाब जास्त झाला किंवा खाच लहान पडली. चाक फिरवायचं ते आता, एकेक दात, आणि दर वेळी नवी पिन घेऊन.

पट्टीवाला:
हौसिंगमध्ये अडकणाऱ्या पिनांचं एक कारण राहिलं. पट्टीतून वाकवून तोडली की पिनेच्या शेपटीला पत्र्याचा तुकडा उरतो. तो साइड कटरने अगदी लगत कापा. मागचे पंख फार फुगीर राहिले तरी पिन अडते. पाठीवरची जीभ दबली असेल तर उलट होतं: पिन आत जाते, पण अडकून राहत नाही. चिमट्याने ती किंचित वर उचला. घालताना जीभ हौसिंगच्या खिडकीच्या बाजूला ठेवा, टक् आवाज आल्यावर हलकेच मागे ओढून पाहा. काढायची असेल तर खिडकीतून सुईने जीभ दाबा आणि वायर ओढा.

दुकानात 'रेलिमेट' (दुसऱ्या प्रकारचा कनेक्टर) मागू नका, ती पिन वेगळी असते आणि या हौसिंगमध्ये बसत नाही.

आणि शक्यतो लीड पॅकला जोडण्याआधीच कनेक्टर पूर्ण करा. वायरी आधीच सेलला जोडल्या असतील तर एका वेळी एकच सोला, क्रिंप करा, हौसिंगमध्ये बसवा, मगच दुसरी. बाकीच्यांची टोकं न सोलता टेपखाली ठेवा. दोन उघड्या पिना एकमेकींना लागल्या तर अख्खा सेल शॉर्ट होतो, आणि इतकी बारीक वायर क्षणात लाल होते. चार्जरला लावण्याआधी मीटरने काळ्या वायरपासून एकेक पिन मोजा: पॅक पूर्ण चार्ज असेल तर सुमारे ४.२, ८.४ आणि १२.६ व्होल्ट, याच क्रमाने.