रोजच्या वापराला कोणता कॅमेरा, कॅनॉन एसएक्स७४० की जी७एक्स मार्क ३?

सातारकर: घरचे फोटो, पोरीचं गॅदरिंग आणि सप्टेंबरात कासची फुलं एवढंच काढायचंय. एसएक्स७४० ला ४०एक्स झूम आहे म्हणून मन तिकडंच ओढतंय, जी७एक्सला जेमतेम ४.२एक्स. काय घेऊ?

कृष्णाकाठ: डोळे झाकून जी७एक्स. सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) १ इंची म्हणजे मोठा, लेन्स एफ१.८ पासून म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी, गॅदरिंगच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तेच कामाला येतं, झूम करून दाणेदार फोटो काढण्यापेक्षा पुढच्या रांगेत जागा धरा. कासला पण सीतेची आसवं ही फुलं बोटाच्या पेराएवढी, तिथं झूम नाही, वाकून जवळच जावं लागतं.

सांगलीची ताई: अगदी बरोबर. माझा आधीचा छोट्या सेन्सरचा होता, भावाच्या हळदीचे रात्रीचे सगळे फोटो भुरकट आले, अजून जीव हळहळतो.

रानवाट: मायणीला पक्षी बघायला जात असाल तर मात्र एसएक्स७४०, ९६० एमएमची लांबवर पोचणारी लेन्स खिशात मावतेय.

सातारकर: पक्षी नाहीत ओ. जी७एक्स घेतो मग, धुक्यात लेन्स पुसायला फडकं पण घेतो.