तट बावन्न दिवसांत, वस्ती मात्र चिठ्ठ्या टाकून

इराणचा बादशहा सायरस याच्या फर्मानाने जेरुसलेम पुन्हा उभे राहिले, असे अनेकदा म्हटले जाते; हे विधान ज्यूंच्या तिथल्या मंदिरापुरते ठीक आहे, शहरापुरते नाही. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने इ.स.पू. ५८६च्या सुमारास शहर आणि तिथले पहिले मंदिर जाळले, फर्मान ५३८चे आणि दुसरे मंदिर पूर्ण झाले ते ५१६-१५च्या आसपास. पण त्यानंतरही सुमारे सत्तर वर्षे शहराला धड तट नव्हता. इ.स.पू. ४४५मध्ये इराणच्या तेव्हाच्या बादशहाचा प्यालेबरदार (मद्याचा प्याला देणारा सेवक) असलेला ज्यू नहेम्या सुभेदार होऊन आला आणि त्याने रात्री गुपचूप तटाची पाहणी केली, तेव्हा एका ठिकाणी ढिगाऱ्यामुळे त्याच्या बसायच्या जनावरालाही पुढे जाता आले नाही, असे बायबलमधील त्याच्या नावाच्या ग्रंथात नमूद आहे.

तट पुढे बावन्न दिवसांत बांधून झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच ग्रंथातील पुढची नोंद मला अधिक बोलकी वाटते: शहर ऐसपैस होते, पण माणसे थोडी, घरे बांधलेली नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकून दहांतील एकाला जेरुसलेमात राहायला आणले आणि जे आपणहून आले त्यांना लोकांनी दुवा दिला. पवित्र असले तरी तिथे संसार थाटायला फारसे कोणी उत्सुक नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

जाता जाता: जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात बिरड्याचा सण म्हणून ओळखला जाई, कारण त्या दिवशी जेवणात मोड आलेल्या वालांचे बिरडे असे.