पेर्मेस्सो (इटलीत राहायचा परवाना) येईपर्यंत इटलीतच आहे, दर शनिवारी फिरते, पण घरचं कर्ज डोक्यातून जात नाही

गडहिंग्लजची_लेक:
नमस्कार मंडळी, मिलानला मास्टर्स करतेय. इथे उतरल्यावर आठ दिवसांत पोस्टातून किट भरून पेर्मेस्सोचा अर्ज टाकला, बोटांचे ठसेपण देऊन झाले, पण कार्ड अजून आलेलं नाही आणि डी व्हिसा (इथे यायला मिळालेला लांब मुदतीचा व्हिसा) संपलाय, त्यामुळे अर्जाच्या नुसत्या पावतीवर बाकी शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जाता येत नाही. वर्गातली पोरं पॅरिस, बार्सिलोना करून येतात, मी शनिवारी डबा बांधून रेजिओनाले, म्हणजे इथली साधी प्रादेशिक रेल्वे, पकडते. पाविया, बेर्गामोचं वरचं गाव, वारेन्नाचं तळं. क्रेमोना तर फार आवडलं, स्त्रादिवारीचं गाव, अजूनही गल्लीगल्लीत व्हायोलिनवाले आहेत, काचेतून माणूस लाकूड तासताना दिसतो, मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. खरं सांगायचं तर हा देश मला या गाड्यांमध्येच थोडाफार कळायला लागला, शेजारच्या आजीबाई विचारतात कुठली गं तू, मग माझ्या मोडक्या इटालियनमध्ये गप्पा. पण घरी बाबांनी कर्ज काढलंय, तिकिटाचे पैसे मी कॅफेतल्या कामातून काढते तरी आत्या फोनवर म्हणाली शिकायला गेलीस का फिरायला, आणि ते आत रुतून बसलंय. आता फोटोसुद्धा घरी पाठवत नाही. तुम्ही लोकांनी हे कसं निभावलं?

तोरिनोकर:
आधी कामाचं सांगतो. पावतीवर इटलीभर बिनधास्त फिर, पासपोर्ट आणि मूळ पावती दोन्ही जवळ ठेव. सुट्टीत घरी जायचं असेल तर थेट विमान नाहीतर दुबई-दोहामार्गे, फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणारं तिकीट स्वस्त दिसलं तरी काढू नकोस. कॅफेचं काम आठवड्याला २० तासांच्या वर जाऊ देऊ नकोस, परमिटच्या नूतनीकरणाला ते आणि पास झालेल्या परीक्षा दोन्ही बघतात. आणि रेजिओनालेचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये शिक्का मारायचा, नाहीतर दंड. बाकी कार्ड नाही म्हणून तू क्रेमोनाला गेलीस, माझ्या बॅचमधले कित्येक जण डिग्री घेऊन परत गेले पण मिलान-रोम-व्हेनिसपलीकडे काही बघितलं नाही त्यांनी.

साताऱ्याचा_बाबा:
बाळा, मी विद्यार्थी नाही, माझा मुलगा बाहेर शिकतोय आणि कर्जावर सही माझी आहे म्हणून लिहितो. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, तेव्हा महिन्याला जमेल तेवढं, अगदी थोडं का होईना, व्याजापोटी घरी पाठव, बाबांनाही बरं वाटेल आणि तुझ्याही मनावरचं ओझं कमी होईल. पण फोटो थांबवू नकोस. मुलगा फोनवर नुसतं हो, ठीक आहे, अभ्यास चालू आहे एवढंच बोलतो तेव्हा आम्हाला रात्री झोप लागत नाही, आणि कुठल्यातरी स्टेशनवरनं काय खाल्लं ते सांगतो तेव्हा त्याची आई तो फोटो अख्ख्या वाड्याला दाखवते. आत्या बोलणारच, त्यांनाही काळजी आहे. तू बाबांना थेट विचार, आत्याच्या तोंडून नको.

रंकाळा_ते_अर्नो:
कोल्हापूरची आहेस आणि इटलीत आहेस तर फ्लॉरेन्सला आपल्या कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांची छत्री बघून ये. महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोज डायरी लिहायचे, ती पुढे १८७२ मध्ये छापलीसुद्धा गेली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वय जेमतेम वीस. त्या शहरात दहनाची पद्धतच नव्हती, खास परवानगी घेऊन अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. तिथे १८७४ ला छत्री आणि आत अर्धपुतळा उभा राहिला, जवळच्या मोठ्या पुलालाही लोक 'इंदियानो', म्हणजे भारतीय, म्हणूनच ओळखतात. मी तिथे गेले तेव्हा जॉगिंग करणारे लोक शेजारून जात होते आणि मला एकदम वाटलं की हा आपल्या गावचा पोरगा, तुझ्यामाझ्या वयाचा, डोळे भरून जग बघायला निघाला होता आणि बघितलेलं लिहूनही ठेवत होता. तूही लिही गं. त्या आजीबाई काय म्हणाल्या, व्हायोलिनवाला काय करत होता, सगळं लिही आणि तेच घरी पाठव.

गडहिंग्लजची_लेक:
काका, तुमचं वाचून लगेच बाबांना फोन केला. व्याजाचं सांगितलं तर म्हणाले झेपेल तेवढंच पाठव, आणि क्रेमोनाचे फोटो का नाही पाठवलेस म्हणून रागावले. आता सगळे पाठवलेत. दादा, दुबईमार्गेचं लक्षात ठेवते. ताई, छत्रीबद्दल शाळेत कधीतरी ऐकलं होतं पण ती इथे इतक्या जवळ आहे हे माहीतच नव्हतं. बोलोन्याला गाडी बदलून येईन, स्टेशनपासून पुढे कसं जायचं?

रंकाळा_ते_अर्नो:
सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनच्या बाहेरून टी१ ट्राम घे, काशिने स्टॉपला उतर, तिथून नदी डाव्या हाताला ठेवून बागेतून सरळ पश्चिमेला चालत राहा, अर्धा-पाऊण तास लागतो. पाण्याची बाटली घे, आणि उजेड असतानाच जा.