मदत हवी आहे: व्ह्यूफाइंडरमध्येच लांबट पट्टीची चौकट दिसेल का?

चौपाटीकर:
नमस्कार मंडळी. मामाच्या मिसळीच्या हॉटेलात गल्ल्यामागच्या भिंतीवर रंकाळ्याचा फोटो लावायचाय. जागा मोजून आलोय, चार फूट रुंद आणि सोळा इंच उंच. म्हणजे सरळ ३:१. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस, मेनूत ३:२, ४:३, १६:९ आणि १:१ एवढंच. १६:९ लावलं की व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, वरखाली काळ्या पट्ट्या येतात, पण ३:१ पुढं तेही ढब्बूच.

तीन संध्याकाळी चौपाटीवर गेल्या. समोर पश्चिम काठाला शालिनी पॅलेस, मागं मावळतीचा सूर्य. तिथं बघताना फोटो झकास वाटतो, घरी कापायला बसलो की घोटाळा. पॅलेसचा मनोरा धरावा तर पाण्यातलं प्रतिबिंब जातं, प्रतिबिंब धरावं तर मनोऱ्याचं डोकं उडतं. कॅमेरा फिरवत तुकडे जोडून लांब फोटो करणारा पॅनोरमा मोडही वापरून बघितला. कडेनं चाललेल्या एका काकांना तीन पाय आले!

काढतानाच ३:१ दिसेल अशी काही सोय?

गल्लीबोळ:
मागच्या स्क्रीनवर वरखाली काळी चिकटपट्टी मार. दहा रुपयांत काम.

चौपाटीकर:
भावा, चाळिशी लागलीय. व्ह्यूफाइंडरला नंबर जुळवायची चकती आहे, स्क्रीनला नाही.

जुना_डार्करूमवाला:
१६:९ काढून ३:२ वर ये आणि मेनूत ग्रिडचे, म्हणजे चित्रावर दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीचे, प्रकार बघ. नेहमीची ३×३ नको, तिची मधली ओळ फारच बारीक पडते, ४.५:१. बऱ्याच कॅमेऱ्यांत चौकोनी खान्यांची ६×४ ग्रिड असते. तिच्या मधल्या दोन ओळी म्हणजे सहा खाने रुंद, दोन उंच. झाली की तुझी ३:१! ४×४ ग्रिड असली तरी मधल्या दोन ओळींचं गणित तेच.

काळ्या पट्ट्यांपेक्षा मला हेच बरं वाटतं, कारण कापला जाणारा भागही डोळ्यांसमोर राहतो. मधल्याच दोन ओळी घ्यायच्या असंही नाही. मनोऱ्यासाठी कॅमेरा वर वाकवू नकोस, भिंती तिरक्या होतील. क्षितिज बरोबर मध्ये, कॅमेरा समतल, आणि पट्टी हवी तर एक ओळ वर सरकवून घे. कॅमेरा न वाकवता चौकट वरखाली सरकवणाऱ्या शिफ्ट लेन्सचं काम फुकटात.

कापल्यावर ६००० बाय २००० पिक्सेल उरतील. चार फुटांना इंचामागं १२५ पडतात. नाक लावून बघितलं तर कमी, पण गल्ल्यापलीकडून मिसळ खाणाऱ्याला पुष्कळ.

१९९८ च्या हॅसलब्लाडच्या एक्सपॅन कॅमेऱ्यात ही कटकटच नव्हती. ३५ मिमी फिल्मवर २४ बाय ६५ मिमीची चौकट यायची आणि बटण फिरवलं की व्ह्यूफाइंडरही तेवढा रुंद व्हायचा. आता ६५:२४ फूजीच्या जीएफएक्समध्ये आणि लुमिक्स एसच्या काही मॉडेलांत मिळतं. पण त्या पैशात मामा दुसरी शाखा काढतील.

तुझं खरं दुखणं मात्र ग्रिडनं जाणार नाही. तू मनोऱ्यावर झूम करतोयस. मनोरा आणि प्रतिबिंब मिळून दोन खान्यांत बसेपर्यंत झूम मागं घे. मग उरलेल्या चार-पाच खान्यांत काय आहे ते बघ. पट्टी तिथंच जमते किंवा फसते.

चौपाटीकर:
काल गेलो. ६×४ सापडली, 'स्क्वेअर' नावाखाली दडली होती. झूम मागं घेतल्यावर मनोरा अंगठ्याएवढा झाला, पण प्रतिबिंबासकट आला. उजवीकडं झाडं आली. डावीकडं दोन खाने नुसतं पाणी. एखादी नाव येईल म्हणून अंधार पडेपर्यंत थांबलो, नाही आली. मामाला दाखवलं तर म्हणतो, "ऱ्हाऊ दे की मोकळं, तितं हॉटेलचं नाव घालू."

आता त्याला कोण समजावणार?