मदत हवी आहे: रात्री अंगातून वाफा येतात, झोपच होत नाही

मैत्रिणींनो, वय 49. पाळी अनियमित झाली आहे, पूर्ण बंद नाही. दिवसा कसंबसं निभावतं, पण रात्री छातीतून एकदम गरम लाट उठते, मान-चेहरा तापतो, धडधडतं, उशी घामाने भिजते आणि लगेच थंडी वाजायला लागते. पांघरूण काढ-घाल करण्यातच पहाट होते. दिवसभर मग चिडचिड. साधे शब्दही आठवत नाहीत, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

थायरॉइड तपासून झालं, ठीक आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. संध्याकाळची कॉफी सोडली, सुती कपडे घालते. थोडाच फरक आहे.

त्यांनी हार्मोन थेरपीबद्दल विचार करायला सांगितलंय. पण आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे मन धजत नाही. घरात असा आजार असताना कुणी ही थेरपी घेतली आहे का? हार्मोनविरहित औषधांचा किंवा सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा) कुणाला उपयोग झाला? आणि योनीच्या कोरडेपणासाठी काय वापरता, तेही मोकळेपणाने सांगा, यावर कुणी बोलतच नाही. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घेईन, पण त्यांना नेमकं काय काय विचारू?