शब्दचर्चा : ‘परजीवी नर’ की ‘बांडगूळ’?

प्रश्न : खोल समुद्रातल्या अँगलरफिशवर मुलांसाठी लेख लिहिते आहे. यातला नर मादीला चावून धरतो आणि कायमचा तिच्या अंगाचा भाग होतो. मी ‘परजीवी नर’ असं लिहिलं होतं. एका मैत्रिणीने ‘बांडगूळ’ सुचवलं, मुलांना पटकन कळेल म्हणून. कोणता शब्द ठेवू?

उत्तर : बांडगूळ नकोच. आंब्यावरचं बांडगूळ झाडातून पाणी आणि क्षार ओढून घेतं, पण त्याची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः तयार करतं. या नराचं तसं नाही. चिकटल्यावर त्याचं तोंड मादीच्या कातडीत मिसळून जातं, रक्तवाहिन्या तिच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात आणि पुढचं सगळं पोषण तिच्याच रक्तातून येतं. शिवाय बोलण्यात आपण बांडगूळ म्हणतो ते ऐतखाऊ माणसाला. मुलं लगेच ठरवतील की नर मादीला लुबाडतो. खरं तर मादीलाही तो हवाच असतो. त्या काळोखात जोडीदार पुन्हा कधी भेटेल याचा भरवसा नाही, आणि हा तर शुक्राणूंसह कायमचा हजर!

‘परजीवी’ शास्त्रीय परिभाषेला धरून आहे, एकदा जरूर द्या. पण वर्णन करताना आपल्या स्वयंपाकघरातलं ‘एकजीव होणे’ वापरा. यापेक्षा नेमकं क्रियापद मला तरी सुचत नाही.

या माशाने भल्याभल्यांना चकवलं आहे, हेही लेखात यावं असं फार वाटतं. १९२२ साली आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मोठ्या मादीच्या पोटाला तोंडाने चिकटलेले दोन चिमुकले मासे दिसले. त्यांना ती पिल्लं वाटली. १९२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रीगन यांनी असाच एक चिकटलेला मासा चिरून तपासला, तेव्हा कळलं की हा तर नर! त्याआधी मोकळे पोहणारे नर वेगळ्याच कुळातले मासे म्हणून नोंदले जात होते. यात नवल नाही. सेराटियास होल्बोएली या जातीची मादी मीटरभराहून लांब होते, नर वीतभरही नसतो.

आणखी एक : ‘एकजीव’ पण कोणाचा? अंग आणि रक्त एक होतं, वंश नाही. नराचे डोळे आणि नाकपुड्या झिजतात, वृषण मात्र वाढतात. क्रिप्टोप्सारस कूएसी या जातीच्या एकाच मादीला आठ-आठ नर चिकटलेले सापडले आहेत. म्हणून ‘मादीत विरून जातो’ असं लिहू नका.

परक्याचं मांस शरीर सहसा सहन करत नाही. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला त्यासाठीच कायम औषधं घ्यावी लागतात. मग ही मादी नराला कशी चालवून घेते? २०२० मध्ये थॉमस बोएम, थिओडोर पीच आणि सहकाऱ्यांनी या माशांची जनुकं तपासली. कायमचे जोडले जाणाऱ्या जातींत प्रतिकारशक्तीची महत्त्वाची जनुकं निकामी झालेली किंवा गायबच आढळली. काहींत तर अँटीबॉडी बनवण्याची सोयच उरलेली नाही. तरी त्या जगतात कशा, हे कोडं सुटलेलं नाही.

दुसरं उत्तर : वरचं मान्य, पण सरसकट नको. या गटात दीडशेहून अधिक जाती आहेत आणि कायमची जोडणी त्यांतल्या थोड्याच जातींत दिसली आहे. मेलॅनोसेटससारख्या माशांत नर काही काळ धरून राहतो आणि सुटतो. तिथे ‘चिकटतो’ पुरे, ‘एकजीव होतो’ म्हटलं तर चूक ठरेल.

मादीच्या कपाळावरच्या दांडीला काही लेखांत ‘गळ’ म्हणतात, तेही टाळा. गळाला आकडा असतो, इथे काही अडकत नाही. दांडी म्हणजे पाठीवरच्या पराचा बदललेला काटा, आणि तिच्या टोकाचा दिवा हे ‘आमिष’. त्यात चमकणारे जिवाणू राहतात, त्यांना मात्र ‘सहजीवी’च म्हणा. नराला ही दांडी नसते.