मदत हवी आहे : दाणे आणि तीळ यांची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलीला बालवाडीत कसे पाठवावे?

नमस्कार. माझी मुलगी तीन वर्षांची असून येत्या जूनमध्ये ती बालवाडीत जाईल. तिला शेंगदाणे आणि तीळ या दोन्हींची तीव्र ॲलर्जी आहे. आम्ही पुण्यात राहतो, पण आमचे मूळ घर सोलापूरचे. सोलापूरकरांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. इतरांसाठी सांगते, की आमच्याकडे शेंगाचटणीवाचून ताट वाढले असे कोणी मानत नाही, आणि दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत, पालेभाजीत, उपवासाच्या खिचडीत असे सगळीकडे पडते. अख्खा दाणा ताटातून उचलून बाजूला ठेवता येतो. कूट एकदा मिसळले की दिसतही नाही.

लेक अकरा महिन्यांची असताना कोशिंबिरीतले बोटभर दही चाखल्यावर तिच्या तोंडाभोवती आणि गळ्यावर गांधी उठल्या. घरातल्या सर्वांनी ‘पित्त उठले’ असे निदान केले, सासूबाईंनी आमसुलाचे पाणी लावले, तासाभरात गांधी बसल्या आणि विषय तिथेच मिटला. पुढे ती सव्वादोन वर्षांची असताना आम्ही संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या निमित्ताने, सोलापूरला गेलो होतो. भोगीच्या दिवशी नात्यातल्या एका काकूंनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा भोगीच्या भाजीत बुडवून तिला प्रेमाने भरवला. दहा मिनिटांत तिला दोनदा उलटी झाली, आवाज घोगरा झाला, खोकल्याची ढास लागली आणि मग ती एकाएकी गळून माझ्या खांद्यावर पडली. अंगावर गांधी जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे पहिली काही मिनिटे आम्ही अपचन समजून ओवा शोधत होतो. जवळच्या रुग्णालयात आधी ॲलर्जीविरोधी औषध देऊन वाट पाहिली गेली, आणि अ‍ॅड्रेनॅलिन हे जीव वाचवणारे इंजेक्शन बऱ्याच उशिराने दिले गेले. ते दिल्यावर पाचेक मिनिटांत ती मोठ्याने रडू लागली. तिचा आवाज परत आलेला ऐकून मी तिथल्या फरशीवरच बसले.

पुण्याला परतल्यावर ॲलर्जीतज्ज्ञांनी त्वचेवरची टोचणी चाचणी आणि रक्तातील विशिष्ट आयजीईची (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांची) तपासणी केली. दाणे आणि तीळ दोन्ही ठळकपणे निघाले. हरभरा आणि गहूही थोडे निघाले होते, पण ती दोन्ही रोज खाते आणि तिला काही होत नाही, म्हणून ते बंद करू नका असे डॉक्टरांनी बजावले. चाचणीत आकडा वाढलेला दिसणे आणि प्रत्यक्ष त्रास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

आता माझ्या अडचणी. पहिली शाळेची. शाळेच्या संचालिका भल्या आहेत, परंतु ‘आम्ही मुलांना कोणतेही औषध देत नाही’ असा त्यांचा नियम आहे, आणि डबा खाण्याच्या वेळी वर्गात ताईंपेक्षा मावशीच अधिक असतात. दुसरी अडचण इंजेक्शनची. परदेशात मिळते तसे, औषधाची मात्रा आधीच भरलेले तयार पेन इथे दुकानात सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी काचेची कुपी आणि सिरिंज जवळ ठेवायला सांगितले आहे. काढायचे कसे ते त्यांनी एकदा दाखवले, पण लेक समोर निपचित पडलेली असताना माझ्या हाताने ते होईल का, याची मला खात्री नाही. तिसरी अडचण घरातली. माझ्या जाऊबाईंचे बाळ पाच महिन्यांचे आहे. त्याला लवकर दाणे चाटवावेत असे त्यांच्या डॉक्टरांनी सुचवले आहे, आणि सणासुदीला दोन्ही मुले एकाच घरात असतात. कोणाला चुकीचे म्हणावे हेच कळत नाही.

चौथी अडचण सर्वांत क्षुल्लक वाटेल, पण मला तीच सर्वांत अवघड जाते. मराठीत ‘ॲलर्जी’ या शब्दाला काही वजनच उरलेले नाही. लोकांना सोमवारची ॲलर्जी असते, शेजाऱ्यांची असते, गणिताची असते. ‘वावडे’ म्हणावे तर ऐकणाऱ्याला नावड वाटते, आणि ‘पित्त’ म्हणावे तर आमसूल पुढे येते. सासूबाईंचे नातीवर मनापासून प्रेम आहे, तरीही ‘थोडे थोडे खाऊ घातले की सवय होते’ हे त्यांचे म्हणणे भोगीच्या प्रसंगानंतरही पुरते बदललेले नाही. ज्यांनी हे निभावले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : अबोली

ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला दूध व काजू चालत नाहीत. शाळेच्या बाबतीत माझा अनुभव असा, की संचालिकांना पटवण्यात मी दोन महिने घालवले आणि खरे काम मावशींनी एका दुपारी केले. डबे उघडून देणे, सांडलेले पुसणे आणि ‘तुझ्यातला एक घास दे’ हा व्यवहार पाहणे त्यांच्याच हातात असते. तुम्ही त्यांना वेगळे भेटा, मुलीचा फोटो असलेला कागद द्या आणि भोगीच्या दिवशी काय घडले ते जसेच्या तसे सांगा. माहितीपत्रकाने जे होत नाही, ते अशा सांगण्याने होते.

संचालिकांकडे औषध ‘द्या’ अशी मागणी करू नका. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची लेखी योजना, तुमचे संमतिपत्र आणि मुलीच्या नावाचा औषधाचा डबा त्यांच्यासमोर ठेवा. नियम ताप-खोकल्याच्या औषधांसाठी केलेला असतो, आणि जीव वाचवणारे इंजेक्शन त्यात मोडत नाही हे कागदावर दिसले की बहुतेक जण मऊ होतात. वाढदिवसाच्या खाऊसाठी तिच्या नावाचा एक डबा वर्गातच ठेवून द्या, म्हणजे चिक्की किंवा लाडू वाटले गेले तरी तिचा हात रिकामा राहणार नाही. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते : सॅनिटायझरने हातावरचे दाण्याचे प्रथिन जात नाही. त्यासाठी साबण-पाणी किंवा ओले पुसणेच लागते.

सासूबाईंविषयी एक सुचवते. ॲलर्जी हा शब्द सोडा आणि गांधीलमाशीचे उदाहरण द्या. एकच गांधीलमाशी चावून एखादा धडधाकट माणूस सुजतो, धापा टाकतो, कधी दगावतोही, हे गावाकडच्या प्रत्येकाने ऐकलेले असते, आणि तिथे ‘सवय होईल’ असे कोणी म्हणत नाही. शरीरात घडते ते तेच, आणि इंजेक्शनही तेच. माझ्या सासऱ्यांना हे एका वाक्यात पटले. त्याआधी मी त्यांना दोन वर्षे व्हिडिओ दाखवत होते.

प्रतिसाद : बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली योजना अंतिम माना. मी फक्त काही मुद्दे स्पष्ट करतो.

सर्वप्रथम, भोगीच्या दिवशी गांधी नव्हत्या म्हणून घोटाळा झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तीव्र प्रतिक्रियेत त्वचेवर काहीच न दिसण्याची शक्यता असते. ॲलर्जीविरोधी गोळ्या-औषधांनी खाज आणि गांधी कमी होतात, पण घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब त्यांनी थांबत नाही. ते काम अ‍ॅड्रेनॅलिनचे आहे, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत द्यायचे असते. प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. एका मिलिलीटरला १ मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून १३ किलोच्या मुलाला ०.१३ मिलिलीटर लागेल. आपल्या मुलीच्या ताज्या वजनानुसार हा आकडा डॉक्टरांकडून डब्यावर लिहून घ्या आणि वजन वाढेल तसा बदलून घ्या. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, कारण तिच्यावरच्या खुणा युनिटांच्या असतात आणि सुई स्नायूपर्यंत पोहोचण्याइतकी लांब नसते. १ मिलिलीटरची, शंभराव्या भागाच्या खुणा असलेली सिरिंज आणि वेगळी योग्य लांबीची सुई मागून घ्या.

हात थरथरतील ही तुमची भीती रास्त आहे. कुपी फोडून औषध काढायला पालकांना वेळ लागतो आणि मात्राही कमीजास्त होते. त्यावर उपाय सरावाचाच. डॉक्टरांकडून काही रिकाम्या सिरिंज घ्या आणि साध्या पाण्याने, मोसंबीवर, घड्याळ लावून सराव करा. तुमच्या यजमानांनी आणि सासूबाईंनीही करावा. ज्या हाताने इंजेक्शन भरले आहे, तो हात पुन्हा कूट सहजासहजी चाटवणार नाही. इंजेक्शन दिल्यावर मुलीला आडवे ठेवा, उभे करू नका आणि चालवू नका. श्वासाला त्रास असेल तर मांडीवर टेकवून बसवा. १०८ ला फोन करा, आणि पाच ते पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा लागते, म्हणून डब्यात दोन कुप्या हव्यात. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहावे, कारण लक्षणे उलटून येऊ शकतात. कुपी उन्हात किंवा बंद गाडीत राहू देऊ नका, विशेषतः सोलापूरच्या उन्हाळ्यात; मात्र फ्रिजमध्येही ठेवू नका.

आता जाऊबाईंच्या बाळाविषयी. त्यांचे डॉक्टर बरोबर आहेत आणि तुम्हीही बरोबर आहात. इस्राएलमध्ये मुले तान्हेपणीच दाण्याचा खाऊ खातात आणि तिथे ही ॲलर्जी फार कमी आढळते, या निरीक्षणावरून लंडनमध्ये ६४० बाळांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या या बाळांपैकी ज्यांना पाच वर्षांपर्यंत नियमित दाणे दिले, त्यांच्यात ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. परंतु हा उपाय ॲलर्जी होण्यापूर्वीचा आहे. ज्या मुलीला ती झालेली आहे, तिला घरच्या घरी थोडे थोडे देणे म्हणजे दुसरी भोगी. सासूबाईंच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत होणे स्वाभाविक आहे, म्हणून ती त्यांना शांतपणे उलगडून सांगा. त्या बाळालाही फार एक्झिमा असेल तर आधी तपासणी हवी. नसेल तर पातळ केलेले कूट चालेल. अख्खा दाणा नको, तो घशात अडकतो. ते लेक घरात नसताना भरवावे आणि नंतर बाळाचे तोंड-हात साबणाने धुवावेत.

तेलाबाबत कोणी विचारत नाही, म्हणून सांगून ठेवतो. शुद्धीकरण केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ नसतात, पण हल्ली हौसेने आणले जाणारे लाकडी घाण्याचे तेल तसे नसते. ते घरात आणूच नका.

प्रतिसाद : न्यूजर्सीकर

इथून पेन नेऊन देणारे पुष्कळ जण भेटतील, पण त्याची मुदत बहुधा वर्ष-दीड वर्षाचीच असते. ती पाहूनच स्वीकारा आणि पेन मिळाले तरी कुपीचा सराव सोडू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे नाकात फवारायचे अ‍ॅड्रेनॅलिन मान्य झाले आणि २०२५ मध्ये ते १५ किलोपासूनच्या मुलांनाही लागू झाले, म्हणजे आपल्या मुलीचे वजन १३ किलोच्या आसपास असेल तर अजून नाही. तिळासाठी एक सावधगिरी घ्या. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा ॲलर्जी-उल्लेख सक्तीचा आहे, तर भारताच्या २०२० च्या लेबल-नियमांतील यादीत शेंगदाणे आहेत, तीळ नाहीत. त्यामुळे ‘यात अमुक आहे’ हा ठळक उल्लेख पाहून थांबू नका, घटकांची संपूर्ण बारीक यादी वाचा. सुट्ट्या फरसाणाला तर वेष्टनच नसते.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मोसंबीवरचा सराव काल सुरू केला. पहिल्यांदा मला साडेतीन मिनिटे लागली, रात्री दीड मिनिट. सासूबाईंना गांधीलमाशीचे उदाहरण सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग त्यांच्या माहेरच्या एका गड्याची आठवण सांगू लागल्या. आज त्यांनी स्वतः फोन करून सोलापूरच्या घरी चटणीचे उखळ मागच्या पडवीत हलवायला सांगितले. सराव करायला मात्र त्या अजून तयार नाहीत.

शाळेची भेट सोमवारी आहे. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली योजना मी मराठीत उतरवली आहे आणि त्यात ‘पित्त’ हा शब्द कटाक्षाने टाळला आहे. मुख्य मजकूर असा : ‘तोंडाभोवती नुसत्या गांधी उठल्या तर लगेच आईला फोन करावा आणि मुलीवरून नजर काढू नये. उलटी, सततचा खोकला, घोगरा आवाज, धाप किंवा अचानक आलेली मरगळ यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तर फोन नंतर करावा. आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन द्यावे.’ डॉक्टर हा मजकूर उद्या तपासणार आहेत. ‘मरगळ’ हा शब्द मला फार सौम्य वाटतो, कारण ती त्या दिवशी जशी गळून पडली त्याला मरगळ म्हणत नाहीत. मावशींना चटकन समजेल असा दुसरा शब्द कोणाला सुचत असेल तर रविवारपर्यंत कळवावा.